पंधरा मीटरच्या गच्चीवर वीस मीटरची तार

नागपुरात त्रिमूर्तीनगरात आम्ही राहतो त्या इमारतीची गच्ची बारा मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद आहे, म्हणजे तिचा कर्ण पंधरा मीटर भरतो. हौशी रेडिओच्या ज्या पट्ट्यावर मला बोलायचे होते त्या 40 मीटर तरंगलांबीच्या पट्ट्यासाठी अर्ध्या तरंगलांबीचा साधा डायपोल, म्हणजे मध्यावर केबल जोडलेली तार, मात्र वीस मीटर मागतो. हिशेब सोपा आहे : 143 या आकड्याला मेगाहर्ट्झमधील वारंवारितेने भागले की तारेची लांबी मीटरमध्ये मिळते, आणि या पट्ट्यातील 7.1 ने भागले की 20.1 मीटर येते. या पाच मीटरच्या तुटीने माझे जवळजवळ एक वर्ष घेतले. परवाना हातात पडला, संच टेबलावर आला, बारा व्होल्टचा पुरवठा जोडला गेला, आणि तरीही अँटेना कोणता हा प्रश्न जिथल्या तिथेच होता.

40 मीटरचाच आग्रह का, हे आधी सांगतो, कारण पुढची सगळी निवड त्यावर अवलंबून होती. भारतात हौशी रेडिओसाठी या पट्ट्यातील 7.0 ते 7.2 मेगाहर्ट्झ एवढा भाग खुला आहे आणि दिवसा देशांतर्गत गप्पा मुख्यतः तिथेच चालतात. नागपूर देशाच्या मध्यावर असल्याचा एक फायदा असा, की रायपूर, भोपाळ, हैदराबाद ही शहरे हवाई अंतराने तीनशे-चारशे किलोमीटरच्या टप्प्यात येतात आणि मुंबई, दिल्ली, बंगळूर, कोलकाता ही सगळी हजाराच्या आत बसतात. एवढ्या अंतरासाठी लहरी बऱ्याच चढ्या कोनाने वर जाऊन आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परत खाली याव्या लागतात, आणि त्या कामाला अँटेना फार उंच असण्याची गरज नसते. म्हणजे उंचीची चिंता दुय्यम होती, खरी अडचण लांबीची होती. माझा परवाना रिस्ट्रिक्टेड श्रेणीचा, म्हणजे संकेतनावाला व्हीयू थ्री उपसर्ग असलेला. एचएफ, म्हणजे 3 ते 30 मेगाहर्ट्झच्या, पट्ट्यांवर 50 वॅट ही माझी मर्यादा. एवढ्या शक्तीत अँटेनाने काही खाऊन टाकलेले परवडणारे नव्हते.

पहिले दोन महिने मी कागदावर पर्याय मांडत आणि खोडत राहिलो. उभा पाव तरंगलांबीचा अँटेना जागा कमी घेतो खरा, पण 40 मीटरसाठी तो दहा मीटर उंच होतो, पायाशी तारांचे जाळे पसरावे लागते, आणि गच्चीवर चहूबाजूंनी पसरलेल्या तारांत पाय अडकून कोणी पडले तर सोसायटीची पुढची सभा माझ्यावरच झाली असती. शिवाय उभा अँटेना आसपासच्या विजेच्या उपकरणांचा गोंगाट जास्त उचलतो. मीटरभर व्यासाचे चुंबकीय वर्तुळ, ज्याला सगळे मॅग्नेटिक लूप म्हणतात, ते गॅलरीतही मावले असते. परंतु त्याचा पट्टा इतका अरुंद असतो की दहा-वीस किलोहर्ट्झ सरकले की पुन्हा कपॅसिटर फिरवायचा, आणि त्या कपॅसिटरवर 50 वॅटलासुद्धा हजारो व्होल्ट चढतात. असा कपॅसिटर चांगला मिळणे किंवा बनवणे हे अँटेनापेक्षा मोठे काम आहे, असे माझे मत झाले आणि आजही आहे.

राहिली तार. तारेतही ज्याला त्याला विचारावे तर एकच उत्तर येई : एका टोकाने जोडलेली अर्ध्या तरंगलांबीची तार, म्हणजे एंड-फेड. मध्यावर जड केबल लोंबत नाही, खांब एकच पुरतो, आणि त्याच तारेवर 40, 20, 15 आणि 10 मीटर असे चार पट्टे मिळतात. ऐकायला हे इतके सोयीचे वाटले की मी दुसरा विचारच केला नाही.

एंड-फेडमध्ये खरी कारागिरी असते ती ट्रान्सफॉर्मरमध्ये. तारेच्या टोकाशी इम्पीडन्स, म्हणजे प्रवाहाला होणारा एकूण विरोध, अडीच-तीन हजार ओहमच्या घरात असतो आणि केबल असते 50 ओहमची, म्हणून एकास एकोणपन्नास अशी जुळणी करावी लागते. फेराइटचे मोठे कडे मागवले. त्यावर इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे दोन वेढे प्रायमरीचे आणि चौदा वेढे सेकंडरीचे घातले. पहिले दोन वेढे दोन्ही तारा एकमेकींना पीळ देऊन, मग सात वेढे झाल्यावर तार कड्याच्या मधून पलीकडे नेऊन उरलेले वेढे समोरच्या बाजूला. तार जाड होती, प्रत्येक वेढा अंगठ्याने दाबून कड्याला चिकटवावा लागत होता, आणि कड्याच्या कडेवर इनॅमल खरवडले जाऊ नये म्हणून मी आधी त्यावर पांढरी टेफ्लॉनची पट्टी गुंडाळली होती, नळाच्या आट्यांना लावतात तीच. अकराव्या वेढ्याला तार सुटली आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून झाले. शेवटी प्रायमरीवर 100 पिकोफॅराडचा कपॅसिटर जोडला, सगळे प्लास्टिकच्या वायरिंगच्या डबीत बंद केले, आणि डबी गच्चीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील कठड्यावर बसवली. तिथून तार जिन्याच्या खोलीवर उभ्या केलेल्या बांबूच्या टोकावर आणि पुढे समोरच्या कोपऱ्यात गेली. उरलेले शेपूट कठड्याच्या कडेने वळवले.

पहिल्याच रविवारी सकाळी हैदराबाद आणि इंदूर मिळाले, आणि मी स्वतःवर खूश झालो. त्याच दुपारी ट्रान्सफॉर्मर तापतो का हे बघायला मी वर गेलो. खाली माझा एक परवानाधारक मित्र संचावर बसून कॅरिअर, म्हणजे नुसती सलग लहर, देत होता. डबी चाचपताना माझे बोट तारेच्या स्क्रूला लागले. झटका असा काही बसला नाही, बारीक चटका बसला आणि बोटाच्या पेरावर तिळाएवढा पांढरा डाग उमटला, कातडी जळल्याचा वास आला. नंतर हिशेब केला : 50 वॅट आणि 2450 ओहम, म्हणजे त्या स्क्रूवर 350 व्होल्ट होते. माझी डबी कंबरेच्या उंचीवर होती, आणि तिच्यापासून चार हातांवर तळमजल्यावरच्या काकूंची कपडे वाळत घालण्याची जागा होती. हे आधी कळायला हवे होते. सोय बघण्याच्या नादात अँटेनाचे सर्वांत धोक्याचे टोक मी माणसांच्या हाताशी आणून ठेवले होते.

चटक्यापेक्षाही मोठी तक्रार संध्याकाळची होती. दिवे लागले की संचावरच्या एस मीटरचा, म्हणजे येणाऱ्या लहरीची ताकद दाखवणारा, काटा सात-आठवर जाऊन बसे आणि त्याखालचे सगळे आवाज खरखरीत बुडून जात. मला वाटले, शहर आहे, चालायचेच. मग एकदा घराचा मेन स्विच पाडून संच बॅटरीवर चालवून पाहिला, तर काटा पाचवर आला. म्हणजे बहुतेक गोंगाट माझ्याच घरातून येत होता. हातात छोटा मीडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर घेऊन मी घरभर आणि जिनाभर फिरलो. स्वयंपाकघरातील एलईडी बल्ब, राउटरचा अडॅप्टर आणि जिन्यातील एक ट्यूब, हे तीन गुन्हेगार सापडले. दिवसाचा वेगळाच गोंगाट होता, तो शेजारच्या इमारतीवरील सोलर पॅनेलच्या इन्व्हर्टरचा. ऊन उतरले की तो आपोआप बंद होई, त्यावरून ओळखू आला. बल्ब आणि अडॅप्टर बदलता आले. शेजाऱ्याचे सोलर बदलता येणार नव्हते.

पण मुळात घरातला गोंगाट गच्चीवरच्या तारेत शिरतो कसा, हे समजायला मला वेळ लागला. एंड-फेडच्या तारेला दुसरे टोक दिसत नाही म्हणून ते नसते असे नाही. परतीचा प्रवाह कुठून तरी जावा लागतो, आणि वेगळी तार दिली नाही तर तो केबलच्या जाळीच्या बाहेरच्या अंगाने जातो. माझी केबल गच्चीवरून डक्टमधून, विजेच्या वायरींना घासत, दुसऱ्या मजल्यावर येत होती. ती संपूर्ण केबलच अँटेनाचा भाग झाली होती, आणि तिचा खालचा अर्धा भाग थेट आमच्या घरात होता. मग जाळीच्या बाहेरचा हा प्रवाह अडवायला फेराइटवर केबलचे आठ-दहा वेढे घालून चोक केला आणि तो डबीपासून चार मीटरवर बसवला. गोंगाट आठवरून सहावर आला. एक एस अंक म्हणजे 6 डेसिबल, म्हणजे हा फरक मोठाच होता. तरी संध्याकाळी वर्ध्याकडचे कमी शक्तीचे केंद्र ऐकायला मला कान टवकारावे लागत होते.

एंड-फेड वाईट आहे असे मी म्हणणार नाही. शेतात, किंवा घरापासून दूर झाडावर, तो उत्तम चालतो आणि मी स्वतः प्रवासात आजही तोच नेतो. पण दाटीच्या वस्तीत, घराच्या डोक्यावर, त्याची सोय आणि त्याचा दोष एकाच ठिकाणी आहेत.

पुन्हा डायपोलकडे वळलो ते एका जुन्याच गोष्टीकडे नव्याने लक्ष गेल्यामुळे. अर्ध्या तरंगलांबीच्या तारेत प्रवाह सगळीकडे सारखा नसतो. तो मध्यावर सर्वाधिक आणि टोकांशी शून्य असतो, आणि लहरी बाहेर टाकण्याचे काम प्रवाह करतो. आलेख काढून पाहिला तर तारेच्या मधल्या निम्म्या भागातच एकूण प्रवाहाचा सत्तर टक्के वाटा येतो. म्हणजे मधले दहा मीटर उंच, सरळ आणि मोकळे राहिले, तर टोकाचे दीड-दोन मीटर कुठे वळवले याने फारसे बिघडत नाही. माझी पाच मीटरची तूट नेमकी त्या बिनमहत्त्वाच्या भागात टाकता येत होती.

जिन्याची खोली आमच्या गच्चीच्या जवळजवळ मध्यावर आहे, हे नशीब. जीआय पाइप बाजारात सहा मीटरच्याच लांबीचा येतो, तो अख्खा घेतला, खाली लाकडी ठोकळ्यावर टेकवून जिन्याच्या भिंतीला दोन ठिकाणी क्लॅम्पने आवळला. टोकाला कप्पी आणि दोरी, म्हणजे तार खाली-वर करता येईल. हा कप्पीचा खर्च वाचवू नका, कारण पहिल्या महिन्यात मी तार किमान वीस वेळा उतरवली. दोन कोपऱ्यांत बुरडाकडून आणलेले दोन बांबू कठड्याला बांधले, त्यांची टोके गच्चीच्या फरशीपासून अडीच मीटरवर, म्हणजे हात वर केला तरी कोणाचा पोहोचणार नाही अशी. मध्यापासून कोपरा साडेसात मीटर आणि उतार साडेतीन मीटर, त्यामुळे प्रत्येक बाजूची सव्वाआठ मीटर तार बांबूपर्यंत उतरते. उरलेली दीड-पावणेदोन मीटर आणखी दोन बांबूंकडे कठड्याला समांतर वळवायची. उलट्या इंग्रजी व्हीसारखा हा आकार असल्यामुळे त्याला इन्व्हर्टेड व्ही म्हणतात. दोन भुजांमधला कोन नव्वद अंशांच्या खाली जाऊ नये असे सांगतात. माझा एकशेतीसच्या आसपास आला. केबल जिथे जोडली तिथेच, अगदी कप्पीखाली, चोक लटकवला.

बांबू बांधत असताना तळमजल्यावरच्या काकू वर आल्या. त्यांच्या हातात कुरडयांच्या सोऱ्याचे ताट होते आणि मागे जुनी साडी घेऊन त्यांची सून.

"काय करून राहिले भाऊ? आता हा तार काहून बांधला इथं?"

"काकू, रेडिओचा आहे. तुमच्या वाळवणाच्या वरून जाईल, खाली काही येणार नाही."

"मागच्या डब्बीले हात नको लावू म्हणत होते तुम्ही. याले लावला तर?"

"हात पोचणारच नाही इतक्या उंच बांधतो."

"बघा बाप्पा. माझ्या कुरडया काळ्या नको पडाले."

कुरडया काळ्या पडल्या नाहीत, पण काकूंचा संबंध अँटेनाशी आला तो वेगळ्याच मार्गाने, ते पुढे येईल.

तारेसाठी घरगुती वायरिंगची दीड चौरस मिलिमीटरची पीव्हीसी आवरणाची तांब्याची वायर घेतली. आवरण असले की तार विद्युतदृष्ट्या थोडी लांब वाटते, म्हणून सूत्रापेक्षा प्रत्यक्षात ती आखूड करावी लागते. तरीही सुरुवात लांब तारेनेच करायची, कारण कापलेली तार पुन्हा लांब होत नाही. प्रत्येक बाजूला दहा मीटर तीस सेंटिमीटर घेतली. मोजणीला नॅनो व्हीएनए हा हाताच्या तळव्याएवढा अँटेना-मापक होता. त्याच्या पडद्यावर एसडब्ल्यूआरची, म्हणजे अँटेनाकडून शक्ती किती परत फिरते त्या मापाची (1 म्हणजे काहीच नाही), रेषा दरीसारखी खाली उतरते आणि दरीचा तळ जिथे, तिथे तारेचा अनुनाद. पहिला तळ 6.82 मेगाहर्ट्झवर दिसला. दोन्ही बाजूंनी वीस-वीस सेंटिमीटर कमी केली, तळ 6.95 वर आला. आणखी वीस-वीस, आणि तळ 7.09 वर, एसडब्ल्यूआर 1.3. तार कापली मात्र नाही. जास्तीची मागे दुमडून तिला तिच्याच अंगावर पीळ दिला, म्हणजे चुकले तर सोडवता येईल. मे महिन्यातील सकाळचे साडेसात वाजले होते आणि पाइपला हात लागत नव्हता इतका तो तापायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी संच लावला तर एसडब्ल्यूआर 2.6. रात्रीतून काय झाले कळेना. सोल्डर तपासले, केबलचे कनेक्टर उघडले, चोक काढून बघितला. दुपारी पुन्हा मोजले तर 1.3. असे तीन दिवस चालले. चौथ्या दिवशी सकाळी व्हीएनए घेऊन गच्चीवरच बसलो, तेव्हा काकू ओले कपडे वाळत घालायला आल्या, आणि पडद्यावरची दरी माझ्या डोळ्यांदेखत डावीकडे सरकू लागली. त्यांची वाळवणीची तार जस्ताची होती, कोपऱ्यातल्या बांबूलाच एका टोकाने बांधलेली, आणि माझ्या तारेच्या वळवलेल्या टोकाला हातभर अंतरावरून समांतर जाणारी. ओल्या कपड्यांनी ती भरली की टोकाची धारकता वाढे आणि अनुनाद खाली घसरे. दुपारी कपडे वाळून घरात गेले की सगळे पूर्ववत. मी माझ्या खर्चाने त्यांना नायलॉनची दोरी आणून दिली आणि ती दीड मीटर पलीकडे बांधून दिली. काकूंना दोरी आवडली, कारण तिचे डाग कपड्यांना पडत नाहीत.

गोंगाटाचा निकाल लगेच कळला. जुना एंड-फेड मी आठवडाभर उतरवला नव्हता. दोन्ही केबली एका स्विचवर आणून संध्याकाळी आळीपाळीने ऐकले. एंड-फेडवर काटा सहावर, इन्व्हर्टेड व्हीवर चारच्या किंचित खाली. भोपाळच्या एका केंद्राचा आवाज दोन्हींवर जवळजवळ तेवढाच होता, पण एकीकडे तो खरखरीतून उपसून काढावा लागत होता आणि दुसरीकडे शेजारच्या खोलीतून आल्यासारखा होता. माझी शक्ती, माझी उंची, माझा संच, काहीच बदलले नव्हते. एंड-फेड त्याच रात्री उतरवला.

मग 20 मीटरचा मोह झाला. संध्याकाळी साडेपाचला 14.320 वर आग्नेय आशियातील केंद्रांची सीनेट नावाची हवेतली बैठक भरते, ती नुसती ऐकण्यावर किती दिवस समाधान मानायचे? त्याच मध्यबिंदूला पाच-पाच मीटरच्या दोन भुजा आणखी जोडल्या, मोठ्या भुजांच्या खाली अर्धा-पाऊण मीटर अंतर राखून. मध्यावर एकच केबल राहते. ज्या वारंवारितेला जी जोडी जुळते ती प्रवाह घेते, दुसरी गप्प बसते. पूर्ण गप्प मात्र बसत नाही. छोटी जोडी लावताच मोठीचा तळ 7.09 वरून खाली सरकला आणि दोन्ही पुन्हा जुळवाव्या लागल्या. एक रविवार त्यात गेला. 15 मीटरचा पट्टा मात्र फुकट मिळाला, कारण 40 मीटरची तार तिप्पट वारंवारितेलाही अनुनादात येते. तिचा तळ नेमका तिपटीवर न येता थोडा वर, पट्ट्याबाहेर पडतो, तेवढे संचातला ट्यूनर, म्हणजे जुळणी करणारा भाग, सांभाळून घेतो. 80 मीटरसाठी चाळीस मीटर तार लागते. त्यासाठी कॉइल घालून पाहिले, पट्टा इतका अरुंद झाला की ते प्रकरण तिथेच सोडून दिले.

नागपूरचा उन्हाळा अँटेनाच्या तारेला फारसे काही करत नाही, दोऱ्यांना करतो. पिवळी स्वस्त दोरी एका मोसमात उन्हाने ठिसूळ होऊन हातात चुरली. आता काळी, उन्हाला टिकणारी दोरी वापरतो, आणि एका टोकाला दोरी बांधून न टाकता वजन लोंबकळत ठेवले आहे, म्हणजे वादळी वाऱ्यात पाइप हलला तरी तार ताणून तुटत नाही. एप्रिलपासूनच्या अवकाळी गडगडाटात केबल संचापासून काढून खिडकीबाहेर ठेवण्याची सवय लावून घेतली आहे. पाइपला वेगळी अर्थिंगची पट्टी आहे, पण तिच्या भरवशावर केबल जोडलेली ठेवणे मला पटत नाही.

संक्रांतीचा विचार मात्र मी केला नव्हता. त्या आठवड्यात आमच्या भागात सगळ्या गच्च्यांवर पतंग असतात, आणि बंदी असूनही नायलॉनचा मांजा येतोच. सोळा जानेवारीला सकाळी पाहिले तर माझ्या दोन्ही भुजांवर मिळून सात पतंग लटकलेले, आणि 40 मीटरचा तळ 7.4 वर. तार उतरवली. मांज्याने पूर्वेकडच्या भुजेचे आवरण करवतीसारखे कापत तांब्यापर्यंत नेले होते, आणि बांबूपुढच्या वळणाशी तार तुटून शेपूट कठड्यावर पडले होते. ती भुजा पूर्ण नवी केली. यावेळी सुरुवातीपासूनच नऊ मीटर नव्वद घेतली, थोडी जास्तीची दुमडीसाठी ठेवून. तीनदा वर-खाली करून तळ 7.10 वर बसला. पतंगांपैकी चार चांगले होते, ते तळमजल्यावरच्या काकूंचा नातू घेऊन गेला.